उद्या सकाळी आत कोण जाणार?

शेडनेटमध्ये किंवा पॉलिहाऊसमध्ये कोणतं औषध मारायचं हे सांगणारी मराठी पुस्तकं बहुतेक तक्त्यांची असतात. डावीकडे कीड, मधे औषध, उजवीकडे दहा लिटरला किती मिली. तक्ता वाईट नसतो, पण तो उघड्या रानासाठी तयार झालेला असतो आणि तसाच उचलून जाळीखाली नेला जातो. पुढच्या पानांत तसा तक्ता नाही. का नाही आणि त्याच्या जागी काय आहे, हे सांगण्यात ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

बुलढाणा जिल्ह्यातला मोताळा तालुका घाटाखालचा. कपाशी, सोयाबीन, मका, तूर ही इथली रोजची पिकं. नळगंगेच्या पाण्यावर आणि विहिरींच्या भरवशावर भाजीपाला, मिरची. जिल्ह्यात शेडनेटचं खरं माहेर म्हणजे घाटावरचे देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे तालुके. टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, काकडी यांच्या संकरित बियाण्याचे प्लॉट तिथे गावोगाव आहेत, आणि जालन्याच्या बियाणे बाजारपेठेशी त्यांचा रोजचा व्यवहार आहे. २०१८ साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला ‘पोकरा’, जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झाला. त्याच्या अनुदानातून विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांत शेडनेट उभं राहिलं. जाळी आली, ठिबक आलं, रोपं आली, आणि सल्लाही आला. तो सल्ला बराचसा घाटावरून किंवा पुणे-नाशिककडून आलेला आहे. आणि तोच जसाच्या तसा घाटाखाली चालत नाही.

राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आलं की उन्हाळ्यात हवा कशी अंगावर येते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आता गंधकाचं उदाहरण घ्या. भुरीवर पाण्यात मिसळणारं गंधक हे जुनं, स्वस्त आणि भरवशाचं औषध. पण पारा बत्तीस-तेहेतीसच्या वर असताना ते मारलं तर पान करपतं, आणि काकडीवर्गीय पिकं त्याला विशेष हळवी असतात. घाटावर बुलढाण्यात मार्चच्या सकाळी निभावलेली फवारणी मोताळ्यात त्याच आठवड्यात पीक जाळू शकते. पॉलिहाऊसवाल्याला याहून एक वेगळी चिंता असते. गंधक आणि क्लोरीनयुक्त औषधं छताच्या पॉलिथिन पेपरवर वारंवार बसली की पेपरमधलं ऊन सोसणारं रसायन लवकर निकामी होतं आणि पेपर मुदतीआधी फाटतो. भुरी गेली आणि छप्पर गेलं, असा हिशेब कुणालाच परवडणार नाही.

जाळीच्या आत नेमकं काय बदलतं, हे एकदा नीट समजून घेतलं की निम्मी निवड आपोआप होते. उघड्या रानात औषधाचा परिणाम ऊन, वारा आणि पाऊस मिळून कमी करत असतात. पॉलिहाऊसचा पेपर उन्हातला अतिनील भाग अडवतो, पाऊस आत येत नाही, वारा पडद्यांच्या मर्जीवर. त्यामुळे पानावरचा अंश जास्त दिवस टिकतो. ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणतो, बरंच झालं, औषध टिकलं. पण तेच औषध काकडीवरही टिकतं, आणि काकडी तर एक दिवसाआड तोडायची असते. लेबलवर फवारणी आणि तोडणी यांच्यामधली मुदत छापलेली असते. काही औषधांची तीन दिवस, काहींची सात, काहींची पंधरा. उघड्या शेतातल्या चाचण्यांवर बेतलेली ही मुदत जाळीखाली किमान समजावी. ज्या पिकाची रोज तोडणी चालते तिथे पंधरा दिवसांच्या मुदतीचं औषध कितीही नामी असलं तरी ते आपल्यासाठी नाही. ते दुकानातच राहू द्यावं.

शेडनेटची गोष्ट थोडी निराळी. त्यातून वारा जातो, पाऊसही झिरपतो, आणि साध्या हिरव्या जाळीतून पांढरी माशी बिनदिक्कत आत येते. पन्नास टक्के सावलीची जाळी म्हणजे कीटकरोधक जाळी, असा गैरसमज अजून आहे. बाजूंना चाळीस मेशची बारीक जाळी लावली तर पांढरी माशी बऱ्याच अंशी अडते. फुलकिडे मात्र तिच्यातूनही शिरतात. आणि एकदा आत शिरलेल्या किडीला तिथे स्वर्ग असतो. बाहेरचे ढालकिडे, क्रायसोपा, परोपजीवी गांधीलमाश्या तिच्या मागे फारशा आत येत नाहीत, पाऊस तिला पुरता धुऊन काढत नाही, आणि उबेमुळे पिढ्या भराभर होतात. तिशीच्या तापमानात लाल कोळी अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा-दहा दिवस घेतो. एका हंगामात किती पिढ्या झाल्या, हे मोजायला बसलं तर झोप उडेल. एकच औषध दर आठवड्याला मारणारा शेतकरी या पिढ्यांमधून कणखर तेवढे निवडून देत असतो. बियाणे कंपनी निवड पद्धतीने वाण तयार करते, तसा हा न मरणाऱ्या कोळ्यांचा वाण तयार करतो, आणि तोही पदरचे पैसे घालून.

आता निवडीकडे येऊ. मिरचीवर बोकड्या आला की इथला शेतकरी पानाचा फोटो घेऊन दुकानात जातो आणि म्हणतो, “भाऊ, काई तरी जोरदार द्या.” मागणी औषधाची नसते, जोराची असते. दुकानदारही माणूस आहे. तो जोर देतो. पण बोकड्या हा एक रोग नव्हे. पानाच्या कडा वर वळल्या, पान होडीसारखं दिसू लागलं, तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळल्या, देठ लांबला, पान उलट्या होडीसारखं झालं, तर पिवळा कोळी. पानं बारकी, जवळजवळ, शेंड्याचा गुच्छ झालेला, झाड खुजं, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्याला कीटकनाशक लागतं, दुसऱ्याला कोळीनाशक, आणि तिसऱ्याला औषधच नाही. ते झाड उपटून पिशवीत घालून जाळीबाहेर न्यायचं आणि उरलेल्यांसाठी माशी आवरायची. फोटोत हे तिन्ही सारखेच दिसतात. फोटो काढण्याऐवजी कोवळं पान उलटं करून दहा पट भिंगाखाली धरलं तर दोन मिनिटांत उलगडा होतो. फुलकिडे पळताना दिसतात. पिवळा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; भिंगाखाली तो पिवळसर पारदर्शक थेंबासारखा शिरेजवळ बसलेला सापडतो.

गोम अशी की चुकीचं औषध नुसतं वाया जात नाही. कोळी आहे आणि इमिडाक्लोप्रिड मारलं, तर कोळी मरत नाही. उलट काही पिकांवर ते मारल्यानंतर कोळी वाढल्याचं दिसून आलेलं आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइडचंही तेच. ती कोळी खाणाऱ्या मित्रकिडींना आधी संपवतात आणि कोळ्याला रान मोकळं करून देतात. मग शेतकरी म्हणतो, औषध बोगस निघालं. औषध बोगस नव्हतं, ते दुसऱ्याच किडीचं होतं. २०२१ पासून आंध्र-तेलंगणातल्या मिरचीत काळ्या फुलकिड्यांनी जो उच्छाद मांडला, तिथेही शेतकऱ्यांनी पहिल्या घाईत एकामागून एक औषधं मारली आणि कीड वाढतच गेली. ही कीड फुलात लपते. त्यामुळे पानावर मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचलं की नाही, हाच पहिला प्रश्न.

रोगांच्या बाबतीत ही चूक जास्त महाग पडते, कारण बुरशी दिसत नाही, तिचं केलेलं नुकसान दिसतं. ट्रेमधली रोपं कोलमडली की कार्बेन्डाझिमची आळवणी करायची, हा आपल्याकडचा जवळपास रिवाज. पण कोलमड बहुतेकदा पिथियममुळे येते आणि पिथियमवर कार्बेन्डाझिम चालतच नाही. ती वेगळ्याच कुळातली बुरशी आहे, तिला मेटॅलॅक्झिलसारखं औषध लागतं, आणि त्याआधी ट्रेचं पाणी कमी करावं लागतं. तसंच मर रोगाचं. दुपारी झाड माना टाकतं, रात्री सावरतं, चार दिवसांत जातं. हे फ्युजेरियम बुरशीने होतं, जिवाणूने होतं, सूत्रकृमींनीही होतं. झाड उपटा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. गाठी नसतील तर खोड बुडाजवळ तिरपं कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात लटकवा आणि पाच मिनिटं न हलवता बघत राहा. कापाच्या जागेतून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली तर जिवाणू. तिथे कोणतंच बुरशीनाशक उपयोगाचं नाही. ही तपासणी फुकट आहे आणि ती केल्याशिवाय मर रोगावर एक रुपयाही खर्च करू नये, असं माझं मत आहे.

भुरीचीही एक खुबी आहे, जी दुकानात कुणी सांगत नाही. काकडीवरची भुरी पानाच्या पृष्ठभागावर पसरते, त्यामुळे स्पर्शजन्य औषध तिला गाठतं. ढोबळी मिरची आणि टोमॅटोवर येणारी भुरी मात्र बरेचदा पानाच्या आत वाढते आणि पांढरी पावडर खालच्या बाजूला उशिरा दिसते. वरून गंधक फवारून तिचं फारसं बिघडत नाही. एकच नाव, एकच पांढरा रंग, आणि औषधाची निवड पिकागणिक निराळी.

कीड ओळखली, रोग ओळखला, तर मग कोणती बाटली? इथे बाटलीचं नाव विसरायचं आणि लेबल उलटं करायचं. घटकाचं नाव मोठ्या अक्षरांच्या ब्रँडखाली बारीक छापलेलं असतं. जगभरच्या कंपन्यांच्या तज्ज्ञांनी कीटकनाशकांचे आणि बुरशीनाशकांचे गट त्यांच्या मारण्याच्या पद्धतीवरून केले आहेत आणि प्रत्येक गटाला आकडा दिला आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही तीन नावं, बाजारात त्यांचे असंख्य ब्रँड, पण गट एकच: ४अ. गेल्या आठवड्यात एक, या आठवड्यात दुसरं, पुढच्या आठवड्यात तिसरं मारणारा शेतकरी औषध बदलल्याच्या समाधानात असतो, आणि कीड मात्र तेच औषध तिसऱ्यांदा पचवत असते. स्पिनोसॅड गट ५ मध्ये येतं, ॲबामेक्टिन आणि इमामेक्टिन ६ मध्ये, डायफेन्थियुरॉन १२ मध्ये, स्पायरोमेसिफेन २३ मध्ये, सायअँट्रानिलिप्रोल २८ मध्ये. बुरशीनाशकांचे आकडे निराळे: ॲझॉक्सिस्ट्रोबिन ११, हेक्झाकोनॅझोल आणि टेब्युकोनॅझोल दोन्ही ३. पाठ करायची गरज नाही. आपल्या वहीत तारीख, पीक, घटक आणि गट, एवढे चार रकाने असले की पुरे. किडीच्या एका पिढीवर एक गट आणि पुढच्या पिढीवर दुसरा, हे सूत्र त्या वहीतून आपोआप पाळलं जातं.

आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते: कोणतं औषध किडीच्या कोणत्या वयावर चालतं. हेक्झिथायाझॉक्स कोळ्याची अंडी आणि पिल्लं मारतं, मोठ्यांना हात लावत नाही. पायरिप्रॉक्सीफेन पांढऱ्या माशीची वाढ रोखतं, उडणारी माशी तिथेच बसलेली दिसते. सकाळी मारलं, संध्याकाळी कीड हलताना दिसली, म्हणून रात्री दुसरं औषध मारलं, असे प्रकार या अज्ञानातून घडतात. काही औषधांना चार-सहा दिवस द्यावे लागतात. जोर मागणाऱ्याला हा धीर नसतो.

पंपात चार-पाच बाटल्या एकत्र ओतण्याची सवय हा याच अधीरपणाचा दुसरा चेहरा. कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत, टॉनिक, स्टिकर, सगळं एका पाण्यात. मजुरी वाचते, हे खरं. पण आपल्या काळ्या बेसाल्टातल्या विहिरी-बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. कॅप्टानसारखी औषधं आणि काही ऑरगॅनोफॉस्फेट अशा पाण्यात तासाभरातही बरीच निकामी होऊ शकतात. फवारण्याआधी पाण्याचा सामू तपासायची पट्टी स्वस्त मिळते. ती घरात असावी. औषधं मिसळायचीच असली तर आधी बादलीभर पाण्यात, दोन झाडांवर करून बघावं.

इथवरचं सगळं झाडाविषयी झालं. या पुस्तिकेचं नाव जिच्यावरून ठेवलंय ती गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते निवडीतली पहिली कसोटी तीच असायला हवी.

बियाण्याच्या प्लॉटवर माणसं किती आणि कशी राबतात, हे बाहेरच्याला माहीत नसतं. टोमॅटो किंवा मिरचीचं संकरित बी मधमाशी करत नाही, बाया करतात. दुपारनंतर उमलू पाहणाऱ्या कळ्यांमधले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलावर नराचे परागकण बोटाने किंवा अंगठीतून लावायचे. क्रॉसिंग म्हणतात याला. हंगामात हे काम रोज चालतं, हातमोज्यांशिवाय, कारण हातमोजा घातला की कळी सापडत नाही. म्हणजे प्रत्येक झाडाच्या प्रत्येक फांदीला रोज कुणाची तरी उघडी बोटं लागतात. चेहरा पानांपासून वीतभर अंतरावर असतो. कोंदट हवेत घाम गळत असतो आणि घामेजलेली कातडी औषध लवकर शोषते. त्याच बोटांनी दुपारी भाकरी मोडायची असते. काही बायांच्या पोटात मूल असतं.

अशा जागी औषध निवडताना ‘कीड मरेल का’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न: उद्या सकाळी आत कोण जाणार? अमेरिकेत शेतीच्या औषधांच्या लेबलवर फवारणीनंतर किती तासांनी आत जावं, हे छापलेलं असतं. विषारीपणाप्रमाणे १२ तास, २४ तास, ४८ तास. आपल्या लेबलवर तोडणीची मुदत शोधली की सापडते, माणसाने आत कधी जावं हे बहुधा नुसत्या सूचनांमधून ताडावं लागतं. तेव्हा नियम आपणच करावा. लेबलवर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेलं औषध क्रॉसिंग चालू असलेल्या जाळीत आणायचंच नाही. लाल त्रिकोण म्हणजे शरीराच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत चाचणीतले निम्मे प्राणी मरतात, पिवळा म्हणजे ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याहून वर. हा हिशेब पोटात गेलेल्या विषाचा आणि ताबडतोबीच्या परिणामाचा. वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं अंगात जाणाऱ्या औषधाबद्दल त्रिकोण काही बोलत नाही. हिरवा त्रिकोण बघून तंबाखू मळता मळता डबा ढवळणारे लोक आहेत, म्हणून हे लिहिलं.

फवारणीचा दिवसही यात येतो. मजूर ज्या दिवशी येत नाहीत त्याच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, काम उरकल्यावर फवारावं. मधे एक अख्खा दिवस मिळतो, बाजूचे पडदे उघडे ठेवता येतात. परागकणांनाही हे बरं. काही बुरशीनाशकांमुळे परागकण रुजण्याचं प्रमाण घटतं, त्यामुळे ऐन क्रॉसिंगच्या सकाळी मारलेलं औषध बियाण्याच्या वजनातूनच वसूल होतं. माणसाच्या काळजीने जो ऐकत नाही तो या हिशेबाने ऐकतो, असा अनुभव आहे.

विदर्भात राहून या विषयावर लिहायचं आणि २०१७ च्या यवतमाळचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. कपाशी डोक्याएवढी उंच वाढलेली, हवा दमट, पंप जास्त दाबाचे, औषधांची मिश्रणं जहाल आणि अंगावर साधा सदरा. आता त्या यादीतली कोणती गोष्ट पॉलिहाऊसमध्ये नसते, सांगा. ढोबळी मिरची दोरीवर चढून डोक्यावर जाते. हवा दमट असतेच, शिवाय तिला बाहेर जायला वाट नसते. एचटीपी पंपाचा गन धुकं करतो आणि ते धुकं तिथेच तरंगत राहतं. उघड्या रानात माणूस वाऱ्याला पाठ देऊन फवारतो. आत पाठ कुणाला देणार? मागे सरकत, फवारलेली ओळ समोर ठेवत, दाराकडे बाहेर पडायचं, एवढीच युक्ती उरते.

कायदाही हळूहळू इकडे सरकला आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय मंडळ आणि नोंदणी समिती औषधाला पिकानिशी, किडीनिशी मान्यता देते. त्यालाच आपण लेबल क्लेम म्हणतो. अडचण अशी की लेबलवर पिकाचं नाव असतं, छताचं बहुधा नसतं. बंद जागेत धुरी म्हणून वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं डायक्लोरव्हॉस, लोकांच्या तोंडी असलेलं नुवान, २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झालं. सूत्रकृमींसाठी जमिनीत टाकलं जाणारं फोरेटही त्याच तारखेला. कोळ्यावरचं जुनं डायकोफॉल आणि भुरीवरचं डिनोकॅप २०२३ च्या आदेशात गेलं. तरीही जुन्या तक्त्यांमधून ही नावं अजून फिरतात, कुणाच्या तरी गोठ्याच्या फळीवर अर्धी बाटली असतेच. पुस्तकात तक्ता छापला की तो वीस वर्षं जगतो. औषध दोन वर्षांत बंद होतं. या पुस्तिकेत तक्ता नसण्याचं एक कारण हेही.

मग रासायनिक नको, जैविक घ्या, इतकं ते सोपं नाही. नेदरलँड्समध्ये यान कॉपर्ट नावाच्या काकडी उत्पादकाला औषधांची ॲलर्जी झाली, त्याने कोळी खाणारा मित्रकोळी आपल्या काचघरात सोडला आणि १९६७ मध्ये त्यातून कंपनी उभी केली. आज तिकडे काचघरात कीटकनाशक हा शेवटचा उपाय मानला जातो. पुढे तिथल्या टोमॅटोत परागीभवनासाठी भुंगे आणले गेले, आणि भुंगे मरू नयेत म्हणून तरी जहाल औषधं मागे पडली. ते शहाणपण घेण्यासारखं आहे, पण त्या काचघराची हवा मोताळ्यात नाही. व्हर्टिसिलियम, बिव्हेरिया या बुरशी आहेत, त्यांना ओलावा लागतो. श्रावण-भाद्रपदात जाळीखाली त्या छान काम करतात, एप्रिलच्या दुपारी नाही. ट्रायकोडर्मा शेणखतात आधी वाढवून मग बेडमध्ये मिसळावा. त्यासाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा बुलढाण्याचं कृषी विज्ञान केंद्र गाठावं. आपल्याकडे एक गोष्ट मात्र फुकट आणि भरपूर आहे, ती म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये बेड ओले करून त्यावर पातळ पारदर्शक पॉलिथिन घट्ट अंथरून चार ते सहा आठवडे ठेवलं तर सूत्रकृमी आणि जमिनीतल्या बुरशींचा बराच बंदोबस्त होतो. जो उन्हाळा गंधक मारू देत नाही, तोच हे काम करतो.

जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या, नोंदणी क्रमांक नसलेल्या बाटल्यांबद्दल मात्र सावध राहावं. आत काय आहे हे लिहिलेलं नसेल आणि फवारल्यावर कीड तासाभरात पटापट खाली पडत असेल, तर ते निंबोळी किंवा बुरशीचं काम नव्हे. असं औषध क्रॉसिंगच्या जाळीत कधीच आणू नये, कारण विषबाधा झाली तर डॉक्टरला सांगायला नावच नसतं.

पुढच्या पानांची रचना या सगळ्यावरून ठरली आहे. पहिलं प्रकरण विषबाधेचं: लक्षणं, कपडे काढून साबणाने धुणं, उलटी मुद्दाम न करवणं, आणि बाटली किंवा लेबल सोबत नेणं. ऑरगॅनोफॉस्फेटवर ॲट्रोपिन देता येतं, डायफेन्थियुरॉनसारख्यांवर ठरावीक उतारा नाही. डॉक्टरचा उपचार त्या एका कागदावर ठरतो, आणि गंभीर रुग्णाला मोताळ्याहून घाट चढून बुलढाण्याला न्यायला जो वेळ लागतो त्यात अंदाज बांधत बसायला जागा नसते. त्यानंतर ओळखीची प्रकरणं, पिकागणिक. मग गटांचं प्रकरण. पाणी, पडदे आणि जाळी यांचं प्रकरण मधे घातलं आहे, कारण पहाटे पडदे वेळेवर उघडले आणि ठिबक संध्याकाळऐवजी सकाळी चालवलं तर केवडा रोगाच्या काही फवारण्या वाचतात.

मात्रा कुठेही दिलेली नाही. ती घेतलेल्या बाटलीच्या लेबलवरून, घेतलेल्या वर्षीची वाचावी, आणि लेबल फाटलेलं असेल तर बाटली परत करून पक्कं बिल मागावं. शेवटी वहीची कोरी पानं आहेत. त्यांना चारऐवजी पाच रकाने आहेत: तारीख, पीक, घटक, गट, आणि फवारणीनंतर आत पहिल्यांदा कोण गेलं व किती तासांनी.